मिस ओझेलाची चार आभारपत्रं

वर्नेटा पिकन्स नेमकं काय काम करते हे तिच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "पोरींना बास्केटबॉल शिकवते माझी लेक," असं आई चर्चमध्ये सांगत फिरायची, आणि ते निम्मंच खरं होतं. टेनेसीच्या डोंगरात विन्स्लो गॅप नावाचं एक कॉलेज आहे, तिथल्या मुलींच्या संघाची वर्नेटा सहायक कोच. पण वर्षातले निम्मे दिवस ती कॉलेजात नसायचीच, गाडीत असायची. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, जिथे कुठे एखाद्या शाळेत एखादी काळी पोर चांगली खेळते असं कानावर यायचं तिथे जाऊन ती खेळ बघायची. मग पोरीच्या आईला नाहीतर आजीला भेटायची, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पोटभर जेवायची, आणि निघताना म्हणायची, "पोर माझ्याकडे द्या. मी आहे तिथे."

या एका वाक्यावर कॉलेजचा निम्मा संघ उभा होता. पंधरा मुलींपैकी सात जणी वर्नेटाच्या शब्दावर आलेल्या. बाकी गाव गोरं, मुख्य कोच गोरी, दुसरे दोघे सहायक गोरे, आणि वर्षाचे पास काढून सामन्याला येणारे म्हातारे-म्हाताऱ्याही गोरेच. काळ्या बाईचे केस जिथे नीट हाताळता येतात असं सगळ्यात जवळचं दुकान सत्तर मैलांवर. एक शनिवार आड वर्नेटा गाडीत चार-चार मुली कोंबून तिथे घेऊन जायची. त्या वेण्या घालून घेत बसल्या की ही बाहेर गाडीत बसून पुढच्या सामन्याची आखणी करायची. ती आखणी कुणी मागितलेली नसायची.

मुख्य कोच मार्सी डनलेव्ही चारचौघांत वर्नेटाचं तोंडभरून कौतुक करायची. "वर्नेटाला नाती जोडता येतात," असं म्हणायची. कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर वर्नेटाचा हसरा फोटो होता, आणि त्याखाली विविधतेबद्दल चार ओळी होत्या. बावीस वर्षं ती हे काम करत होती, हे तिसरं कॉलेज. या बावीस वर्षांत "वर्नेटाला खेळ कळतो" असं कुणी म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. आणि कळत तर होताच. स्वतः खेळायची तेव्हा ती पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारी, बाकीच्या चौघींना कुठे पळायचं ते सांगणारी. मैदानावरचं डोकंच म्हणा ना.

मुख्य कोचच्या जागेसाठी तिला पाच वेळा मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिल्या दोन वेळा ती खूश झाली. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं, की उमेदवारांच्या यादीत एका काळ्या बाईचं नाव असलं की यादी बरी दिसते, तेवढ्यासाठीच हे आमंत्रण. तरीही चौथ्या आणि पाचव्या वेळी ती नवा कोट घेऊन गेलीच. याचा तिला स्वतःचाच राग यायचा. पण आशा सुटत नाही, त्याला ती तरी काय करणार?

केझाया टॉलिव्हर तिला दिसली ती जून महिन्यात, एका उन्हाळी स्पर्धेत. सतरा वर्षांची, उंचीने बेताची, अंगाने काटक. दक्षिण अलाबामातल्या रीव्ह्ज क्रॉसिंग गावची. पहिल्या पाच मिनिटांतच वर्नेटा खुर्चीत पुढे सरकून बसली. पोर चेंडूकडे बघतच नव्हती. मैत्रीण अजून पोचलीही नाही अशा मोकळ्या जागी ती चेंडू टाकायची आणि दुसऱ्या क्षणी मैत्रीण तिथे हजर असायची. चुकून कुणी भलतीकडे पळालीच तर ही नुसती हनुवटी हलवून तिला जागेवर आणायची. अशी मुलगी वर्नेटाला दहा वर्षांत एखादीच दिसली होती.

मार्सीने चित्रफीत बघून फॉर्म भरला. केझायाच्या नावापुढे तिने लिहिलं, "वेगवान. ताकदवान. उडी उत्तम." वर्नेटाने तो कागद वाचला आणि तिला हसू आलं, कारण तीस वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या नावापुढे कुणीतरी हेच तीन शब्द लिहिले होते. या धंद्यात काळी पोर नेहमी वेगवान असते आणि गोऱ्या पोरीला खेळ कळतो. कुणी ठरवून लिहीत नाही, हात आपोआप तसाच वळतो. वर्नेटाने पेन काढून खाली आपल्या अक्षरात लिहिलं, "खेळ वाचते." मार्सीने ते पाहिलं आणि म्हणाली, "हो हो, तेही."

सप्टेंबरात वर्नेटा रीव्ह्ज क्रॉसिंगला गेली. केझायाला वाढवलं ते तिच्या आजीने, मिस ओझेलाने. मिस ओझेला (तिकडे थोरल्या बाईला, मग ती आजी का असेना, मानाने मिसच म्हणतात) बहात्तर वर्षांची, आणि गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये तीस वर्षं अशर. म्हणजे दर रविवारी पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे घालून दारात उभं राहायचं आणि येईल त्याला जागा दाखवायची. काम दिसायला साधं, पण मिस ओझेलाचा दरारा पाद्र्यापेक्षा जास्त. तिचा एकच नियम होता, की ज्या जागेवर आपण बसणार नाही ती अडवायची नाही. शेजारच्या जागेवर पर्स ठेवून ती कुणासाठी तरी धरून ठेवणारी बाई तिला चोरासारखी वाटायची. एकदा तर तिने पाद्र्याच्या बायकोची पर्स सगळ्यांदेखत उचलून तिच्या मांडीवर ठेवली होती. गावात त्या गोष्टीवर वर्षभर लोक हसत होते, पण मिस ओझेलासमोर नाही.

टेबलावर कोंबडीचा रस्सा, भात, शिजवलेली पालेभाजी, मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड. वर्नेटाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा कुठे मिस ओझेलाच्या कपाळावरची आठी गेली.

"एवढी वाळलीस का गं? डोंगरात खायला देत नाहीत?"

"देतात हो, मिस ओझेला. चव तेवढी नसते."

"मीठ घालायला भितात ती माणसं. लग्न झालंय?"

"नाही झालं."

"वर्षभर गावोगाव हिंडून माणसं गोळा करतेस, आणि एक नवरा नाही गोळा करता आला?"

"नॅना!" केझायाने आजीकडे बघून कपाळाला हात लावला.

"तू गप्प बस. मी हिची परीक्षा घेतेय. ही तुझी घेऊन गेली ना जूनमध्ये? आता माझी पाळी." मिस ओझेला पुढे वाकली. "पोर आजारी पडली तर?"

"मी आहे."

"केस?"

"मी नेते. सत्तर मैल आहे, पण नेते."

"रविवारचं चर्च?"

"तेही लांबच आहे. पण मी जाते, आणि यायचं असेल त्यांना घेऊन जाते."

"आणि ती तुमची गोरी बाई पोरीवर ओरडली तर?"

"ओरडणारच. ती सगळ्यांवर ओरडते. पण तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत असते."

मिस ओझेलाने ताटं एकावर एक ठेवली. मग उठली आणि केक आणला. वर्नेटाने मार्सीला फोन लावला, आवाज मोठा केला, आणि मार्सी आपल्या मोकळ्याढाकळ्या आवाजात म्हणाली, "केझाया, तुझ्यासाठी जागा ठेवलीय गं आम्ही!" केझायाने आजीकडे पाहिलं. आजीने मान डोलावली. झालं, ठरलं.

आता इथे एक सांगायला हवं. या धंद्यात तोंडच्या शब्दाला कायद्याने काडीची किंमत नाही. करारावर खरी सही होते नोव्हेंबरात, ठरलेल्या बुधवारी. तोवर शहाणी माणसं तीन-चार कॉलेजांना गोड बोलून झुलवत ठेवतात, कुणालाच नाही म्हणत नाहीत. मुख्य कोचच्या सहीचं एखादं पत्र आधी मागून घेतात. त्यालाही कायद्याने फार अर्थ नसतो, पण सही केलेल्या माणसाला मागे फिरायला जड जातं. पोरीचा बाप वकील किंवा दंतवैद्य असेल तर तो हे पत्र पहिल्याच भेटीत मागतो. मिस ओझेलाने मागितलं नाही, आणि वर्नेटाने आपण होऊन दिलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिस ओझेलाचा फोन आला. आवाजात कमालीचं समाधान होतं.

"ऐक, वर्नेटा. त्या बाकीच्या चार कॉलेजांची पत्रं यायची ना केझायाला? मी चौघांनाही आभाराची कार्डं लिहिलीत. चांगली, फुलांची. लिहिलंय की आमच्या पोरीला जागा मिळाली, देवाने तुमचं भलं करावं, आता तिची जागा दुसऱ्या कुणाच्या लेकीला द्या. उद्या टपालात टाकते."

वर्नेटा तेव्हा पेट्रोल पंपावर उभी होती. तिच्या तोंडाशी आलं होतं, "थांबा, मिस ओझेला. सही होईपर्यंत टाकू नका." एवढंच म्हणायचं होतं. पण असं म्हणणं म्हणजे माझ्या शब्दावर विसंबू नका असं सांगणं झालं असतं. शिवाय खरं बोलायचं तर ती कार्डं गेली की चार प्रतिस्पर्धी आपसूक बाजूला होणार होते, आणि मार्सी तेवढ्यासाठी तिची पाठ थोपटणार होती. वर्नेटाही माणूसच.

"छान केलंत, मिस ओझेला," ती म्हणाली.

"जागा अडवून बसणं मला जमत नाही बाई," मिस ओझेला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सहीच्या बुधवारला पाच दिवस उरले असताना, शुक्रवारी सकाळी, मार्सीने वर्नेटाला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. 

"हॅडली ब्रँट आपल्याकडे येतेय," मार्सी म्हणाली.

हॅडली गावातलीच, दंतवैद्याची मुलगी. लांबून अचूक चेंडू बास्केटमध्ये टाकायची, त्यात शंका नाही. मोठ्या कॉलेजला शब्द देऊन बसली होती, तिथला कोच सोडून गेला, आणि आता तिला घराजवळ खेळायचं होतं. जागा पंधरा. पुढच्या वर्षी रिकामी होणारी एकच.

"एक जागा आहे, आणि ती केझायाची आहे," वर्नेटा म्हणाली.

"सही झालेली नाही."

"शब्द दिलाय आपण. तू दिलायस, फोनवर, तिच्या आजीसमोर."

"माहितीये मला. मला काय आनंद होतोय का?"

"आपल्याला पॉइंट गार्ड हवी आहे, मार्सी. हॅडली शूटर आहे."

"हॅडलीला खेळ कळतो. शिकेल ती."

"आणि केझायाला?" वर्नेटाने विचारलं. 

"केझाया उत्तम अ‍ॅथलीट आहे. कोण नाही म्हणतंय? पण तशा आपल्याकडे आहेत."

"तशा म्हणजे कशा?"

मार्सीचा चेहरा लाल झाला. "हे बघ, माझ्या तोंडात शब्द घालू नकोस. गेल्या वर्षी स्टँडमध्ये किती माणसं होती ते तूही पाहिलंस. तीन वर्षं आपण हरतोय. लोकांना संघात आपल्या गावची, आपल्यासारखी एखादी मुलगी दिसावी असं वाटतं. त्यात वाईट काय आहे? तूच ना पोरींच्या आज्यांना सांगतेस, आपल्यासारखं कुणी तिथे असलं की बरं वाटतं म्हणून? मग तेच या लोकांना वाटलं तर? विविधता काय एकाच बाजूने असते का, वर्नेटा?"

वर्नेटाला तोंडात मारल्यासारखं झालं. बावीस वर्षं ज्या वाक्यावर तिने पोट भरलं ते वाक्यच मार्सीने उचलून तिच्या अंगावर फेकलं होतं. आणि मार्सी काही राक्षस नव्हती. वर्नेटाची आई गेली तेव्हा ही बाई सहा तास गाडी चालवत आली होती, चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसून रडली होती. या वर्षी संघ हरला तर तिची स्वतःची खुर्ची जाणार होती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला जे सगळ्यात सोपं असतं ते तिने केलं होतं. राक्षस असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

"मी सोडून जाईन," वर्नेटा म्हणाली.

"जाऊ नकोस," मार्सी हळू आवाजात म्हणाली. "त्या सात जणींचं काय होईल?"

तिला बरोबर ठाऊक होतं कुठे बोट ठेवायचं. वर्नेटा गेली तर सात आज्यांना, आयांना दिलेले सात शब्द एकदम खाली पडणार होते. राहिली तर एकच. असा हिशोब करायची वेळ आपल्यावर यावी याची तिला किळस आली. वरच्या साहेबांकडे जावं? ते तिला खुर्ची देतील, ऐकून घेतील, वहीत टिपून ठेवतील, आणि सांगतील की संघ निवडणं हा मुख्य कोचचा अधिकार आहे. त्यात चूकही काही नाही. कुणी कुठला नियम मोडलाच नव्हता, त्यामुळे दाद तरी कसली मागायची?

"मी फोन करू का आजीला? की तू करतेस?" मार्सीने विचारलं.

"फोनवर नाही सांगत," वर्नेटा म्हणाली. "मी जाते."

शनिवारी दुपारी ती पोचली तेव्हा मिस ओझेला स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर कुणाला तरी झापत होती. बुधवारी शाळेच्या जिममध्ये सहीचा सोहळा होता. टेबल, टेबलावर कॉलेजची टोपी, आणि मागे चर्चच्या अकरा अशर बायका पांढऱ्या गणवेशात उभ्या राहणार होत्या. "हिरवा म्हणजे गडद हिरवा, अर्लीन! भेंडीसारखा नको. विन्स्लोचा हिरवा!" केक करणाऱ्या बाईशी रंगावरून चाललं होतं. दारात वर्नेटा दिसली तशी तिने फोन खाली केला. वर्नेटाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात छातीवर गेला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, मिस ओझेला."

"मग बस."

वर्नेटाने बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, मार्सीच्या माथी मारून मोकळीही झाली नाही. ती बोलत होती तेवढा वेळ मिस ओझेला उभीच होती. बोलणं संपल्यावर तिने शेगडी बंद केली, हात पुसले, आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे आमच्या जागेवर दुसरं कुणी बसलं."

"हो."

"आणि माझी ती चार कार्डं गेली."

वर्नेटाने मान खाली घातली.

"मी तुला फोन केला होता. टाकायच्या आधी केला होता."

"हो, मिस ओझेला."

"तू म्हणालीस, छान केलंत."

"म्हणाले."

"तुला माहीत होतं का, असं होतं म्हणून?"

"कधीकधी होतं, हे माहीत होतं. तुमच्याबाबतीत होईल असं नव्हतं वाटलं. थांबा म्हणाले असते तर... माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती?"

"आता किती राहिली?" मिस ओझेलाने विचारलं. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं.

तेवढ्यात केझाया आली, सरावाहून, खांद्यावर पिशवी. दोघींना पाहून ती दारातच थांबली. चेंडू यायच्या आधीच जिला जागा दिसते तिला हे दिसायला कितीसा वेळ लागणार?

"माझी जागा गेली ना, कोच?"

वर्नेटाने मान हलवली.

"कुणाला दिली?"

"हॅडली ब्रँट. तिथलीच आहे."

"ओळखते मी तिला. उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याशी खेळलो होतो. चांगली आहे." केझायाने पिशवी खाली ठेवली.  मग खरोखर न कळल्यासारखं म्हणाली, "पण मग तिला बॉल देणार कोण?"

या प्रश्नाने वर्नेटाच्या डोळ्यांत पाणी आलं. मार्सीने विचारायला हवा होता असा हा एकच प्रश्न, आणि तो विचारत होती ती संघाबाहेर ठेवलेली पोर.

"मी कुठे चुकले का, कोच? सांगा ना. डावा हात? डावा हात कच्चा आहे माझा."

"कुठेच नाही चुकलीस गं."

"काहीतरी असेलच ना."

"नाही. काहीच नाही." चूक असती तर बरं झालं असतं, असं वर्नेटाला वाटलं. चूक सुधारता तरी येते. उन्हाळाभर डावा हात घोटवून घेता आला असता. हिला आता काय सांगायचं, कशाचा सराव कर म्हणून?

वर्नेटा फोन घेऊन पुढच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि तिने एकेक करून त्या चारही कॉलेजांना फोन लावले. सगळीकडे ओळखीची माणसं होती. पहिल्याने सांगितलं, मिसिसिपीची एक मुलगी घेतली. दुसरी म्हणाली, "अरेरे! ती तर आमची पहिली पसंती होती." तिसऱ्याकडची जागा आठवड्यापूर्वीच भरली होती. चौथीकडची तर ज्युलिया नावाची पोर्तुगालची पोर घेऊन गेली होती. आणि चौघांनीही आजीच्या कार्डाची आठवण काढली. एवढ्या वर्षांत असं पत्र कुणी पाठवलं नाही, म्हणाले. एकीने तर ते आपल्या खोलीतल्या फळ्यावर लावलं होतं, सगळ्यांनी बघावं म्हणून. या बाईच्या चांगुलपणाचं सगळ्यांना भारी कौतुक होतं, फक्त तिच्या नातीला द्यायला कुणाकडे जागा नव्हती.

वर्नेटा पाचवा फोन लावत राहिली, सहावा लावला, सातवा लावला. ऊन पायऱ्यांवरून खाली अंगणात सरकलं. रस्त्यावरून गाडीत जाणाऱ्या एका बाईने काच खाली करून ओरडून विचारलं, "कोच ना तुम्ही विन्स्लोच्या? बुधवारी आम्ही सगळे येतोय हं!" वर्नेटाने हात हलवला. दुसरं काय करणार होती ती?

शेवटी कॅन्ससमधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात एक जागा निघाली. तिथली कोच म्हणाली, मी हिचा खेळ पाहिलाय, आत्ता हो म्हणा, आत्ता घेते. दोन वर्षं तिथे खेळून मग पुढे एखाद्या मोठ्या कॉलेजात जाता येतं. कधी येतं, कधी नाही. गाडीने चौदा-पंधरा तासांची वाट.

आत येऊन वर्नेटाने हे सांगितलं. केझाया टेबलाशी बसली होती, तिने फक्त "कॅन्सस" एवढंच म्हटलं, एखाद्या अनोळखी माणसाचं नाव घ्यावं तसं. मिस ओझेला उठून ड्रॉवरमधून कागद आणि पेन घेऊन आली आणि चष्मा लावून बसली.

"तिथे चर्च आहे आपलं?"

"माहीत नाही, मिस ओझेला."

"केसांचं?"

"माहीत नाही."

"पोरींत आपल्या किती?"

"तीन-चार असतील. नक्की नाही सांगता येत."

"बरं. आणि ती कोच? आपल्यातली आहे?"

"नाही. गोरी आहे."

मिस ओझेलाने पेनाचं टोपण काढलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तिच्याकडे आधी सहीचा कागद मागायला मला संकोच नाही वाटायचा. नंबर सांग."